कुऱ्हाडीचा फेरफार

दर दुसऱ्या रविवारी मी अमरावतीहून अकोल्याला राक्षस मारायला जातो. घरी ‘बहिणीकडे जाऊन येतो’ एवढंच सांगतो, आणि ते खोटंही नाही. बावन्न वर्षांचा माणूस बहिणीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून वीस बाजूंचा फासा फेकतो, हे कळलं तर पोरीची सोयरीक अडायची.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तीत शिरून गोंधळ घालायचा. आमच्याकडे हे पारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, फक्त फासे नव्हते.

माझं पात्र खंडू, बुटका योद्धा. त्याच्या खांद्यावर आजोबांची कुऱ्हाड. ही मी आमच्या माळ्यावरच्या कुऱ्हाडीवरून उचलली. बाभळीचा दांडा, तोही दोनदा बदललेला. ढिला झाला की आजोबा ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवत. लाकूड फुगलं की पातं गच्च बसे.

तर खंडूनं वर्षभर सोनं साठवलं आणि लोहार गाठला. म्हटलं, हिला प्लस वन करून दे. लोहाराच्या तोंडून बोलणार भाचा, कारण गोष्ट सांगणारा तोच. आणि भाचा सध्या तलाठी भरतीचा अभ्यास करतोय.

“मामा, कुऱ्हाड कोनाच्या नावानं हाय?”

“आजोबांच्या.”

“आजोबा कुठी हायेत?”

“ड्रॅगननं खाल्ले.”

“मंग फेरफार झाला काय? वारस किती?”

इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला धाकटा भाचा ताडकन उठून बसला. “माहा बी हिस्सा हाय.” त्याचं पात्र एल्फ, सहा फूट उंच. बुटक्याचा नातू कसा, विचारलं तर म्हणे, “आईकडून.” आणि थोरल्यानं लगेच कायदा काढला: २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा.

“बरोबर हाय,” स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला.

ती खेळाबद्दल बोलत होती की शेताबद्दल, हे मी विचारलं नाही.

एल्फाचा दुसरा मुद्दा असा, की लोहारानं पातं बदललं, दांडा आधीच बदललेला, मग यात आजोबांचं राहिलं काय? इथं मात्र मी नागपूरकर भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजारांना सोडवून आणली. तिचं पातं युरोपी, मूठ मराठी. पण पात्याच्या पाठीवर सोन्यानं नाव कोणाचं, तर रघुजींचं. ती कोणी युरोपची म्हणतं का? मग कुऱ्हाडही आजोबांचीच.

एल्फानं मान डोलावली आणि निम्मं सोनं घेऊन संमतीपत्र दिलं. उरलेल्यात काम उरकलं. आता प्लस वन म्हणजे काय, तर फाशावर जे पडेल त्यात एक मिळवायचा. वीस फेकींत एखादा घाव जास्त लागतो, बस्स. एवढ्यासाठी आम्ही दोन रविवार आणि तीन किलो पोहे खर्ची घातले.

तिसऱ्या रविवारी समोर राक्षस आला. खंडूनं आजोबांचं नाव घेऊन कुऱ्हाड उगारली, मी फासा फेकला. पडला एक. एक पडला की हत्यार कितीही सुधारलेलं असो, घाव हुकतोच. तसा नियमच आहे. एल्फ हसून हसून सतरंजीवर लोळला. त्याच्या हिश्श्याची कुऱ्हाड हुकली होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बहीण अमरावतीला येतेय. माळ्यावरची कुऱ्हाड मी कालच शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली.