पीजीवाला

एमबीबीएस होऊनही स्वतःला अजून डॉक्टर न समजणारा डॉक्टर म्हणजे पीजीवाला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली की राज्यात एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते, नाहीतर १० लाख रुपये भरावे लागतात. वर्ष देणे परवडते, म्हणून ही जमात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांवर पसरते. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो, त्या हातखंबा तिठ्याच्या आसपास ती बारमाही आढळते. चेहरा दरवर्षी नवा, लक्षणे तीच.

ओपीडी संपली की पीजीवाला क्वार्टरच्या मागच्या पायरीवर सापडतो, कारण रेंज तिथेच येते. कानात इअरफोन, मोबाइलवर दुप्पट वेगाने बोलणारे सर. भिंतीवर १९ विषयांचे वेळापत्रक असते आणि ते नेहमी चार दिवस मागे असते. हॅरिसनचे दोन जाड खंड पंख्याखाली नोट्स उडू नयेत म्हणून ठेवलेले. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, तेव्हा कळते की ते उघडायचेही असतात.

हे सगळे ज्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी, त्या नीट-पीजीत २०० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा. अलीकडे ४० प्रश्नांचा एकेक विभाग ४२ मिनिटांत संपवावा लागतो. त्यामुळे त्याला जग पर्यायांत दिसू लागते. भातलावणी करून आलेला माणूस म्हणतो, "डाक्टर, वायच ताप हाय, पोटऱ्या दुखतात." डोळे लाल दिसताच पीजीवाला मनात 'क' वर खूण करून लेप्टोस्पायरोसिसचे औषध लिहितो. उत्तर बहुधा बरोबरच असते. पंचाईत होते ती रुग्ण पाचवी तक्रार सांगू लागला की.

त्याचा खरा कस फुरसे लावते. छोटासा हा साप रत्नागिरी जिल्ह्यात सड्यांवर मुबलक आहे आणि त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते. चावलेल्याचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. गुठळी झाली नाही तर सापाचे इंजेक्शन सुरू. या २० मिनिटांत परीक्षेच्या हिशेबाने १९ प्रश्न सुटतात, हे पीजीवाल्याला पाठ असते. तरीही त्या वेळात तो मोबाइलला हात लावत नाही. नळीकडे टक लावून बसतो, मध्येच उठून हिरड्यांतून रक्त येते का बघतो, सिस्टरना तेच तेच विचारतो. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर भारी अनुभवी आहे.

विंचूदंशाला 'प्राझोसिन' हे उत्तर तो झोपेतही देईल. ते औषध विंचूदंशाला लागू पडते हे दाखवून दिले डॉ. हिंमतराव बावस्करांनी, तेही शेजारच्या रायगडात, महाड-पोलादपूरकडच्या सरकारी दवाखान्यांत काम करताना. 'लॅन्सेट'ने ते छापले. बावस्करांनी मध्यंतरी पुण्याला जाऊन एमडी केले, एवढाच भाग पीजीवाला आवर्जून सांगतो. एमडी होऊन ते परत कोकणात आले, हे विषयाबाहेरचे धरले जाते.

गावाला त्याचे कोडे सुटत नाही. डॉक्टर आहे, मग कसली परीक्षा? नापास झाला असेल, असे ठरवून लोक त्याच्याशी मायेने वागतात आणि फणस पाठवतात. घरी आई स्थळे अडवून धरते. रेडिओलॉजी मिळाली तर एक यादी, अ‍ॅनाटॉमी मिळाली तर दुसरी.

परीक्षेचाही भरवसा नसतो. २३ जून २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. २०२५ ची १५ जूनवरून ३ ऑगस्टला गेली. २०२३ मध्ये तर प्रवेश सुरू असताना पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. वर्षभर न झोपलेल्यांनी ही बातमी कशी ऐकली असेल, ते न विचारलेले बरे.

निकालानंतर तो जातो, खाट आणि वेळापत्रक पुढच्याला मिळते. २०२३ साली रत्नागिरीतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने पुढे स्थानिक वाणही उपलब्ध होईल. तोवर या भागात रात्री-अपरात्री कोणाला काही चावले, तर संकोच न करता क्वार्टरचे दार ठोठावावे. पीजीवाला जागाच असतो.