खिसा तेवढा दुकानातनं आण

"किती म्हणालीस?"

"एक जोड चौदाशे पन्नास. नेहमीचे दोन आणि शनिवारचा एक. टाय-पट्टा वेगळा, मोजे वेगळे, बूट तर अजून बघितलेच नाहीत."

काकूंनी सांडग्यांचं ताट भिंतीवर ठेवलं. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे, त्यामुळे तिच्यावर वाळवणंही होतात आणि गल्लीचा कारभारही. काकूंनी निम्मं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, युनिफॉर्मच्या कारखान्यात चेकिंगला काढलंय. माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्या त्याच्या कॉलरकडे बघतात. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत त्यांनी काय सांगितलं असेल, तर "बाही अर्ध्या इंचानं लांब आहे."

"अगं, हे सोलापूर आहे," काकू म्हणाल्या. "इथनं परराज्यात ट्रक भरून युनिफॉर्म जातात. 2017 साली तर मोठं प्रदर्शन भरवलं होतं, कुठकुठनं व्यापारी आलते बघायला. पूर्व भागात गल्लीगल्लीत मशीन चालतात. आणि सोलापूरची आई चौदाशे पन्नास मोजून येती! काय म्हणावं?"

"शाळेनं दुकान ठरवून दिलंय ओ काकू. तिथंच मिळतं म्हणे."

"लेखी दिलंय?"

"नाही. बाई मीटिंगमध्ये बोलल्या."

"बोलणारच. लेखी कुठनं देतील? अमक्याच दुकानातनं घ्या अशी सक्ती करता येत नाही शाळेला, सरकारनं कितीदा सांगितलंय. तू आपली गोडीनं म्हण, मॅडम, तेवढं एका कागदावर लिहून देता का, ऑफिसात दाखवायचंय यांना. बघ मग कसा विषय बदलतात ते."

मी हसले, पण मला ते जमणार नाही हे दोघींना ठाऊक होतं. वर्षभर पोरगं त्याच बाईंच्या वर्गात बसायचं असतं. दुकानदारांना हे बरोबर कळतं. कापडापेक्षा त्या भिडेचे पैसे जास्त घेतात ते.

"बरं, मग मला सांग, तिथंच मिळतं असं काय आहे त्यात? पँट कसली?"

"ग्रे. साधी."

"ग्रे साधी नव्या पेठेत कुठल्याही दुकानात मिळंल. शर्ट?"

"चेक्स."

"हां! तिथं आहे मेख. मुद्दाम अशी चेक्स काढायची की दुसरीकडे जुळू नये. हिरव्यात बारीक पिवळी रेघ, त्यात अजून एक निळी. आमच्याकडे ऑर्डर यायच्या ना, तेव्हाच कळायचं, ह्या शाळेचं दुकान ठरलेलं दिसतंय. तर शर्ट घे तिथनं. दोन घे. पँट घेऊ नको. आणि शनिवारचा पांढरा असंल तर तोही बाहेर शिव, नुसता बिल्ल्याचा खिसा तेवढा दुकानातनं आण. सुटा देतात. नाही म्हणाले तर गेल्या वर्षीच्या शर्टाचा उसवून लाव."

दुकानदार म्हणत होता, जीएसटीमुळे भाव चढले, असं मी सांगितलं तर काकूंनी भुवया उंचावल्या. "कसला जीएसटी? हजाराच्या आतल्या कपड्याला पहिल्यापास्नं पाच टक्के. आता 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारापर्यंत पाचच. शर्ट वेगळा, पँट वेगळी, नगावर लागतो तो. जोड मिळून नाही लागत. पक्कं बिल माग म्हणजे जीएसटी पण गप होतो."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई स्कूटर लावून आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्या. विषय काय चाललाय कळल्यावर त्यांनी स्कार्फही सोडला नाही, तशाच बोलायला लागल्या. त्यांच्याकडे मुलांना गणवेश मोफत, सरकारकडून एका जोडाला 300 रुपये.

"तीनशेत बसतं?" मी विचारलं.

"बसवावं लागतं. पण दोन वर्षांपूर्वीची गंमत विसरलात का? एक राज्य, एक गणवेश!"

2024 सालची गोष्ट. त्या वर्षी सरकारनं ठरवलं की कापड वरूनच घ्यायचं, एकसारखं, आणि शिलाई गावोगावच्या बचत गटांच्या बायकांकडून करून घ्यायची, एका गणवेशाला 110 रुपयांत. कल्पना ऐकायला गोड होती. प्रत्यक्षात ठिकठिकाणी 15 ऑगस्टला पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी राहिली, आणि आलेले शर्ट कुणाला गुडघ्यापर्यंत, कुणाला बेंबीपर्यंत. डिसेंबरमध्ये सरकारनं तो कारभार पुन्हा शाळा समित्यांकडे देऊन टाकला.

"एकशे दहा!" काकूंना राग आला तो ह्या आकड्याचा. "शर्ट, पँट, काजं, बटणं सगळं धरून? दोऱ्याचे आणि लाइटचे गेले की बाईच्या हातात काय उरतं? आणि वर माप न घेता. एका इयत्तेतली सगळी पोरं एका उंचीची असतात होय? तुमच्याच वर्गात बघा, एक बांबू, एक भोपळा."

मास्तरीणबाई हसत घरात गेल्या. त्यांच्या 300 आणि माझ्या 1450 च्या मधे जे अंतर होतं ते मात्र भिंतीवरच राहिलं. तीनशेत फार चांगलं होत नाही हे खरं. पण उरलेले साडेअकराशे सगळे कापडात जातात, हे आता मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

"मग मोठ्या मापाचेच घेते," मी म्हटलं. "दोन वर्षं जातील."

"मुळीच नाही. शर्ट मोठा घेतला तर पोरगं वाढायच्या आधी कॉलर फाटती. मोठा घ्यायचा नाही, माया ठेवायची. पँटीला खाली चार बोटं दुमड, मागच्या शिवणीत दीड इंच, कमरेला आतनं बटणाचं इलॅस्टिक. पिनाफोर असला तर दोन्ही बाजूंना आणि खांद्यावर. तयार कपड्यात हे देत नाहीत, कापड वाचवतात. आम्हालाच सांगायचे, अर्धा इंच ठेवा, बास. शिंप्याकडे टाकलं की आपल्याला पाहिजे तेवढी माया. आणि 58 इंची पन्हा घे. सव्वा मीटरात तुझ्या लेकाच्या दोन हाफ पँटी निघतात. 36 पन्ह्याचं स्वस्त वाटतं आणि शेवटी जास्त लागतं."

"दुमड सोडल्यावर रेघ दिसते ना पण?"

"दिसती. खोटं कशाला सांगू. वरचं कापड विटलेलं, आतलं नवं. ओल्या फडक्यानं इस्त्री मारली की घडी जाती, रंगातला फरक जात नाही. म्हणून पँट गडद घ्यावी, कळत नाही. तुझी ग्रे आहे, थोडी कळंल. कळू दे. पोरांना काही नसतं त्याचं, आयांनाच असतं."

कापडाबाबत आमचं एकमत झालं नाही. काकू टेरिकॉटच्या बाजूच्या. आटत नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळलेलं, म्हणजे दोन जोडांत भागतं. माझं म्हणणं, सोलापुरात मार्चपासूनच पाठ भाजते, त्यात हे अंगाला चिकटणारं कापड. शेवटी पँट टेरिकॉट आणि शनिवारचा शर्ट सुती यावर तह झाला. तिसरा जोड आता घ्यायचाच नाही, दिवाळीनंतर घ्यायचा, हे मात्र लगेच पटलं. जूनचं पोरगं आणि नोव्हेंबरचं पोरगं एका मापाचं नसतंच.

"आणि खरं सांगू का, कापड जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की घेऊन ठेवावं. शिंपी रिकामे असतात, दुकानात गर्दी नसती. मेमध्ये गेलं की शिंपी लग्नाच्या ब्लाउजांत बुडालेला, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुकानदार म्हणंल तो भाव. फक्त शाळेत विचारून घ्यायचं, युनिफॉर्म बदलणार आहे का. मागल्या वर्षी त्या इंग्लिश शाळेनं ऐनवेळी टायचा रंग बदलला ना! कशासाठी? म्हणे, नवे ट्रस्टी आले."

पैशांसाठी आमच्या गल्लीची भिशी आहे. बाराजणी, महिन्याला पाचशे. चिठ्ठ्या टाकतात, पण मेचा नंबर चिठ्ठीत घालत नाहीत. तो दोन पोरं शाळेत असलेल्या बाईचा, दरवर्षी पाळीनं. सहा हजार एकदम हातात. व्याज शून्य, हे बँकवाल्या वहिनी दरवेळी सांगतात. बरोबरच आहे त्यांचं. पण घरात ठेवलेले पाचशे महिनाअखेरपर्यंत टिकतात कुणाचे?

बँकवाल्या वहिनींचं नाव निघालं तसा काकूंनी आवाज उतरवला. "त्यांच्याकडे चार जोड घेतात. चार! आणि मागच्या वर्षी मी म्हटलं, तुमच्या थोरल्याचे लहान झालेले द्या की खालच्या आळीतल्या पोराला, तर म्हणाल्या, वापरलेले कपडे कुणाला देणं बरं दिसत नाही. मग काय केलं? बोहारणीला घातले. सहा शर्ट, तीन पँटी, एक ब्लेझर. बदल्यात चहाची गाळणी."

"ब्लेझरसुद्धा?"

"गॅदरिंगला एकदा घातलेला! बोहारीण तरी काय करणार, शाळेचा बिल्ला असला की पुढे गिऱ्हाईक नसतं, ती कमीच देणार. मी गेले तिच्या मागनं कोपऱ्यापर्यंत. दोनशे रुपयांना ब्लेझर सोडवून आणला."

"कुणासाठी?"

काकू घरात गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. नेव्ही ब्लू, आतलं अस्तरसुद्धा चुरगळलेलं नव्हतं. दुकानात त्याचे साडेअठराशे सांगितले होते मला.

"वहिनींनी ओळखला तर?" मी विचारलं.

"ओळखू दे. गाळणी बदलून मागतील का? बाह्या दोन इंच आत घेते मी, माया आतच ठेवते. पोराला संध्याकाळी मापाला पाठव. आणि पँटीचं मापही घेऊन टाकू, पण जेवल्यावर पाठव हं. उपाशीपोटी माप घेतलं की डबा खाल्ल्यावर बटण टोचतं."