वाकळेचं दुसरं टोक

पितृपक्ष लागला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारतात, "काढला का गं दसरा?" एखाद्या पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तो त्यालाही विचारला पाहिजे, एवढंच मला या आठवड्यात म्हणायचं आहे.

दसरा काढायचा म्हणजे घटस्थापनेच्या आत अख्खं घर बाहेर काढायचं. वाकळा, चादरी, पडदे धुवायचे. माळ्यावरची पितळी भांडी खाली घेऊन चिंचेनं घासायची. डबे रिकामे करून उन्हात घालायचे, जळमटं पाडायची, मातीचं घर असेल तर भिंतींना पोतेरं फिरवायचं. आणि हे सगळं कधी? जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन तीन-सव्वातीन महिन्यांत कापणीला येतं, नेमकं तेव्हा. सेनगाव घ्या नाहीतर कळमनुरी, त्या दिवसांत मागून मजूर मिळत नाही. पावसाचा भरवसा नसतो, शेंग तडकली तर दाणा रानातच राहतो. दिवसभर सोयाबीन कापून आलेली बाई रात्री डबे घासते आणि पहाटे उठून वाकळा भिजवते. महालक्ष्म्यांसाठी तिनं हेच घर झाडूनपुसून घेतलं त्याला महिनाही झालेला नसतो. पुढे दिवाळी आहेच.

ही रीत अडाणीपणाची आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. पावसाळाभर ओल धरलेल्या अंथरुणाला कुबट वास येतो, धान्याच्या डब्यांत किडे होतात. भाद्रपद सरताना नदी-ओढ्याला पाणी असतं, ऊनही चांगलं तापायला लागतं, आणि नवा माल घरात येण्याआधी जागा मोकळी होते. इराणात नवरोजच्या आधी आणि जपानात वर्ष सरताना लोक अशीच घरं उपसतात. वर्षातून एकदा घर मुळापासून साफ करावंच. माझं भांडण या रितीशी नाही. ती एकट्या बाईच्या गळ्यात टाकली जाते, त्याच्याशी आहे.

ओली वाकळ उचलून बघा एकदा. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा पदर, त्यावर दाट टाके. पाण्यात पडली की ती धोंड्यासारखी जड होते. तिला पाण्याबाहेर ओढायची, दगडावर पसरायची, साबण लावून धोपटायची, पुन्हा पाण्यात खंगाळायची. मग दोघींनी दोन टोकं धरायची, एकीनं डावीकडे आणि एकीनं उजवीकडे पीळ भरायचा, पाणी गळायचं थांबेपर्यंत. दुसरी बाई नसेल तर एक टोक बाभळीच्या बुंध्याला गुंडाळायचं आणि एकटीनंच ताकद लावायची. अशा चार-पाच वाकळा झाल्या की रात्री भाकरी थापताना मनगट वळत नाही. पण भाकरी थापायचीच असते.

हे काम कयाधूच्या काठावर चालतं, वसमतकडे पूर्णेच्या कालव्यावर चालतं. कालव्याची कड शेवाळलेली, उतरण तिरकी, पाण्याला ओढ. वाकळ हातातून सुटली तर तिच्यामागे बाईही जाते. धुणं धुवायला गेलेल्या मायलेकी बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या पेपरांत आपण वाचल्या आहेत, हळहळलो आहोत आणि पुढच्या पानावर गेलो आहोत. आता ज्या शेतात बोअर आहे, मोटार आहे, पाइप आहे, त्या घरची वाकळ कालव्यावर का जावी? मोटार चालू करणारा माणूस त्या दिवशी कुठे असतो?

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचे तास कशात घालवतात याची. त्यात सहा वर्षांवरच्या बाया-मुलींपैकी शंभरात ८१ जणी दिवसभरात घरची बिनपगारी कामं करताना आढळल्या. पुरुषांचा आकडा २६. म्हणजे चारातले जवळजवळ तिघे त्या कामाला हातच लावत नव्हते. आणि जे लावत होते त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ ९७ मिनिटं, बायकांचा २९९. पाच तास! शेतातली मजुरी यात धरलेली नाही, ती वेगळी.

मोबाइलवर हल्ली सफाईच्या युक्त्यांचा पाऊस पडतो. रोज पंधरा मिनिटं द्या, आज ओटा तर उद्या कपाट, लागत नाही ते देऊन टाका. वाईट काहीच नाही यात. साठवून एकदाच उपसण्यापेक्षा रोज थोडं थोडं केलेलं केव्हाही बरं, असं माझंही मत आहे. पण वसमतकडच्या हळद पिकवणाऱ्या घरात जाऊन हे वेळापत्रक लावून बघा. या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, त्या दिवसांत पिवळा धुरळा कपड्यांवरून, पोत्यांवरून थेट देवघरापर्यंत जातो. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा पिवळी. तिथं पंधरा मिनिटं पुरत नाहीत, पंधरा वेळा पुसलं तरी पुरत नाही. तिथं उपयोगी पडतं ते एकच. बाहेरून येणाऱ्यानं अंगणात हातपाय धुवायचे, कपडे झटकायचे, चप्पल बाहेर ठेवायची आणि मग घरात पाऊल टाकायचं. यासाठी कुठली पद्धत शिकावी लागत नाही. ज्याचे पाय मळलेत त्यानं ते धुवायचे असतात.

"बायकांनाच ते नीट जमतं," हे उत्तर मला पारावर हमखास मिळतं. पंखा पुसायला काय जमावं लागतं? ट्रॅक्टरचं फिल्टर ज्याला फुंकून साफ करता येतं, बैलाला घासून धुता येतं, पोळ्याला शिंगं रंगवता येतात, त्याला स्वतःचं ताट विसळता येत नाही, हे कुणाला सांगता? शाळेत वर्ग झाडायची पाळी आली की पोरगा मुकाट्यानं झाडतो. घरी आला की दप्तर भिरकावून खेळायला जातो आणि त्याच वयाची त्याची बहीण फडा हातात घेते. दसरा काढायला मदत हवी म्हणून शाळा बुडते तीही तिचीच. हे तो घरातच शिकला, आणि आपण शिकवलं.

गाडगेबाबांची तसबीर आपल्या ग्रामपंचायतींत असते, त्यांच्या नावानं २०००-०१ पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान झालं, बक्षिसांसाठी गावंच्या गावं राबली. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा झाडणारा पुरुष होता, आणि त्याला झाडताना कमीपणा वाटला नाही. त्या तसबिरीला हार घालणाऱ्या हातांनी घरचा केर काढला तर बाबांना तो हारापेक्षा आवडला असता, अशी माझी खात्री आहे.

दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण जळतो. पोरंबाळं खांद्यावर घेऊन बापलोक लांबलांबून येतात, मैदान भरून जातं. जरूर यावं. पण त्याच्या पंधरा दिवस आधी घरात जो दसरा निघतो, त्यातही खांदा द्यावा.

काय करायचं तेही सांगतो. माळ्यावरची भांडी उतरवणं आणि घासून झाल्यावर परत चढवणं, पंखे, जळमटं आणि झाडून सगळ्या वाकळा, ही कामं पुरुषांनी घ्यावीत. शाळेतली पोरं, मुलगा असो की मुलगी, डबे आणि खिडक्या करतील. कापणीचा मुहूर्त धरताना वाकळांचाही दिवस धरा, सोयाबीनला विळा लागायच्या आधीचा. कालव्यावर कुणालाच पाठवू नका. बोअरजवळ चार फरशा टाकून ओटा करा, तिथं पाइपखाली धुवा. ज्यांच्याकडे बोअर नाही त्यांना शेजाऱ्यानं एक दिवस पाणी द्यावं, गावात एवढं चालतंच. आणि शेतातली लाइट रात्री येणार की दिवसा, याची पाळी तुम्हांलाच पाठ असते, तेव्हा मोटारीची वेळही तुम्हीच ठरवा.