शेरा : पाठ पूर्ण

शिक्षकाची नजर कधी रजेवर जात नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या कड्याच्या स्टँडसमोर कुणा भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, की बाकीचे लोक फोटोंच्या क्रमावरून गावचं राजकारण वाचतात. गुरुजी मात्र ‘हार्दीक’मधल्या दीर्घ वेलांटीपाशीच थांबलेले असतात. पंगतीत बसले तर वाढप्याचं नियोजन त्यांना खटकतं. भाषण ऐकायला बसले तर प्रस्तावनेत किती मिनिटं गेली हे घड्याळ न बघता सांगतात. नवरा-बायको दोघंही शिक्षक असतील तर त्या घरात आमटीलाही श्रेणी मिळते. एवढा कसलेला परीक्षक! पण त्याला कधी विचारून बघा, “गुरुजी, आजचा तास कसा झाला?” उत्तर येतं, “झाला की!”

पाऊस झाला, जेवण झालं, तसा तास झाला. पुढे चर्चा नाही.

चर्चेला सवड नसते म्हणावं, तर तसंही नाही. नगरहून कड्याला रोज ये-जा करणाऱ्या मास्तरांच्या गाडीत बदल्या, महागाई भत्ता, जुनी पेन्शन आणि आज पुन्हा भरायची ऑनलाइन माहिती, एवढे विषय तरी हमखास निघतात. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली. त्या ६६ किलोमीटरच्या मार्गावर कड्यालाही स्टेशन मिळालं. जिल्ह्यानं वर्षानुवर्षं जिची वाट पाहिली ती गाडी आली, पण मास्तरांच्या गप्पांनी काही रूळ बदलला नाही. पाचवीला आज भागाकार का उमगला नाही, हा विषय त्यात निघाल्याचं ऐकिवात नाही.

तसं आपला तास तपासायला आम्हाला शिकवलेलं नाही असंही नाही. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. त्याचं चक्र छत्तीस मिनिटांचं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं इतरांनी काय चुकलं ते सांगायचं, बारा मिनिटं पाठ नव्यानं आखायचा, मग पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. कल्पना फार शहाणी. शिकवण्याला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट विचाराला! प्रत्यक्षात समोर सहावीची मुलं म्हणून बसलेले असतात दाढी-मिशीवाले आपलेच मित्र. प्रश्न संपायच्या आत सगळे हात वर. आणि अभिप्राय? “आवाज खणखणीत, फलकलेखन सुवाच्य, आत्मविश्वास दांडगा.” कारण उद्या त्यांचा पाठ असतो आणि निरीक्षणाची वही आपल्या हातात असते. अहो रूपम्, अहो ध्वनिः! नोकरी लागल्यावर ती वही जाते, मित्र वेगवेगळ्या तालुक्यांत जातात, आणि मधली ती बारा मिनिटं कोणत्याच वेळापत्रकात मंजूर पद म्हणून सापडत नाहीत.

त्याऐवजी येतात फॉर्म. शाळासिद्धी घ्या. शाळेनं स्वतःच स्वतःला तपासावं, हा तिचा हेतू चांगलाच आहे. सात क्षेत्रं, सेहेचाळीस मानकं आणि प्रत्येकाला तीन स्तर. आता पहिला स्तर लिहिला तर वरून विचारणा होते, तिसरा लिहिला तर पुरावे मागतात. म्हणून सुज्ञ शाळा बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यावर टिक करून मोकळी होते. स्वतःकडे बघताना माणूस एवढा समतोल एरवी कधी नसतो. टाचणाच्या वहीतही शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच मजकुरानं भरतो : पाठ पूर्ण. पाठ पूर्ण झाला यात वाद नाही. कुणाकडून झाला तेही ठाऊक आहे. कुणापर्यंत पोचला, याला तेवढा रकाना नाही.

डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकानं १९८३ मध्ये आपल्या पुस्तकात मांडलं, की मुरलेला माणूस दोनदा विचार करतो : एकदा काम चालू असताना आणि एकदा काम उरकल्यावर. आपल्याकडे लीलाताई पाटलांनी त्याच्याही पुढची गोष्ट केली. शिक्षकांना शिकवायचं कसं हे शिकवण्यात हयात घातलेल्या या बाईंनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन-आनंद विद्यालय काढलं आणि त्या लहान मुलांच्या शाळेत रमल्या. आपण सांगत आलो ते प्रत्यक्ष पोरांपुढे टिकतं का, हे बघायची हिंमत सगळ्याच प्राध्यापकांना होत नाही. बरेच जण ती तपासणी विद्यार्थी-शिक्षकांच्या गळ्यात घालून मोकळे होतात.

माझं मत विचाराल तर गोची आहे प्रश्नाच्या आकारात. ‘मी कसा शिक्षक आहे?’ एवढा अवाढव्य प्रश्न स्वतःला विचारला, की दोनच उत्तरं निघतात. मन प्रसन्न असेल तर ‘आदर्श’, आणि पित्त झालेलं असेल तर ‘या धंद्यात यायलाच नको होतं’. दोन्हींचा दुसऱ्या दिवशीच्या तासाला काडीचा उपयोग नसतो. कड्याच्या कांदा मार्केटात बघा. व्यापारी गोणीकडे बघून ‘उत्तम’ म्हणत नाही. तो ढीग ओतायला लावतो, हात घालतो आणि मोठा, मध्यम, गोल्टी, जोड असं वेगळं बघतो. तास असा ओतून बघायला हवा. प्रश्न विचारल्यावर मी किती थांबलो? भिंतीकडच्या रांगेला आज एक तरी प्रश्न गेला का? उदाहरण माझ्या ओळखीचं होतं की मुलांच्या? एवढ्याच आकाराचे प्रश्न. त्यांना उत्तर असतं आणि उद्या इलाजही असतो.

यातला पहिला प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काय लागतात, असं वाटेल. करून बघा. मास्तरला वर्गात शांतता म्हणजे आपला पगार फुकट चालल्यासारखं वाटतं.

साखर कारखान्यावरून आईबापांबरोबर परतलेली पोरं वर्गात असतात तेव्हा हा प्रयोग करावा. दिवाळीच्या आगेमागे आष्टी तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि पट उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरतो. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार तुकडे करायची आमची पिढीजात चाल. एकदा भाकरी बाजूला ठेवून विचारलं, “पाऊण टन म्हणजे किती किलो?” पहिल्या सेकंदाला पुढच्या बाकावरचा हुशार गडी एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरून अर्धा उभा. “सर मी, सर मी! पंच्याहत्तर!” दुसऱ्या सेकंदाला नुसती चुळबूळ. तिसऱ्याला मागून, मान वर न करता, नुकतीच परत आलेली एक मुलगी म्हणाली, “साडेसातशे.” कसं काढलंस, तर “अर्ध्याचे पाचशे, पावाचे अडीचशे.” आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, “पण सर, काट्यावर तेवढं भरत नाही.” अपूर्णांक, वजन-मापं आणि नागरिकशास्त्र, तिन्ही घटक एका वाक्यात. टाचणात यातलं एकच होतं.

आणखी एक उपाय आहे, पण तो काळीज घट्ट असणाऱ्यांसाठी. मोबाईल हजेरीपटाखाली ठेवून आपलाच तास रेकॉर्ड करायचा. नेड फ्लँडर्स या संशोधकानं वर्गातलं बोलणं दर तीन सेकंदांनी नोंदवायची रीत बसवली. तिच्या दहा वर्गवाऱ्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याच्या, दोन विद्यार्थ्यांच्या, आणि दहावीत शांतता व गोंधळ एकत्र. दोन्हींतला फरक बाहेरून कळत नाही, हे त्याला बरोबर उमगलं होतं. रेकॉर्डिंग ऐकताना नोंदीही कराव्या लागत नाहीत. आपला आवाज थांबतच नाही एवढं कळतं. अधूनमधून ‘समजलं का?’ येतं आणि त्यावर ‘हो ऽऽ सर’ असा एकसुरी गजर. तो चाल म्हणून पाठ झालेला असतो. एकदा त्याच सुरात ‘नाही ना समजलं?’ विचारून बघा. तेवढ्याच उत्साहानं ‘हो ऽऽ सर’ येतं.

आता अडचण अशी, की असलं काही शेऱ्याच्या रकान्यात लिहायची सोय नाही. ‘आज अर्ध्या वर्गाला कळलं नाही, उद्या पुन्हा घेणार’ असं कुणी प्रामाणिकपणे लिहिलं, तर त्याची तारीफ होण्याऐवजी ‘खुलासा सादर करावा’ येण्याची शक्यता जास्त. म्हणून शहाण्या माणसानं दोन वह्या ठेवाव्यात. एक कार्यालयाची, तिच्यात पाठ पूर्ण होत राहील. दुसरी खिशात मावणारी, बिनसहीची, बिनशिक्क्याची. तिच्यात रोज एक ओळ पुरे, पण ती उद्याच्या तासाला उपयोगी पडणारी हवी.

आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, चहा-बिस्किटांनंतर यशोगाथा सुरू व्हायच्या आधी, ज्याला वाटेल त्यानं या वहीतली एक ओळ वाचून दाखवावी. यशोगाथेला टाळ्या पडतात, पण ती ऐकून आपल्या वर्गात नेमकं काय बदलायचं ते सहसा कळत नाही. दुसऱ्याचा फसलेला तास ऐकला की लगेच कळतं, कारण तो आपल्याकडेही परवाच फसलेला असतो. फक्त एक पथ्य पाळावं लागेल : त्या वेळी कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही.