नवी आवृत्ती, मान्यवरांच्या हस्ते

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात कुणाला ताप आला की तो कुठल्या रकान्यात जातो, याची चौकशी कुणी करत नाही. रकाने मात्र आहेत: सात दिवसांच्या आतला नुसता ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, पातळ जुलाब, कावीळ. आरोग्यसेविका ते भरते आणि आकडे पालिकेतून थेट दिल्लीपर्यंत चढत जातात. ही शिडी उभी राहायला एक घबराट लागली. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग आढळला, पुढच्याच महिन्यात सुरतेतून लोक गाड्या भरभरून पळाले, तेव्हा कुठे ताप मोजायला हवा हे सरकारच्या ध्यानात आले. 1997 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, 2004 मध्ये जागतिक बँकेच्या पैशावर एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला, एप्रिल 2021 मध्ये देशभरासाठी ऑनलाइन मंच सुरू झाला. दर वेळी उद्घाटन झाले. देखभालीचे उद्घाटन करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आकडे गोळा करण्याची अवजारे जगात फुकटही मिळतात म्हटल्यावर आपला उत्साह बघावा! वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत ज्याचे बीज पडले आणि ओस्लो विद्यापीठाने जे वाढवले, ते डीएचआयएस-टू हे खुले सॉफ्टवेअर सत्तरहून अधिक देश वापरतात. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यानेही वापरले. परवान्याचा खर्च शून्य. फुकट ते पौष्टिक! खर्च नव्हता असे नाही, तो नॉर्वेचा करदाता आणि आंतरराष्ट्रीय निधी करत होते, एवढेच. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडला, तशी दात्याच्या मर्जीवर चालणाऱ्या आरोग्यप्रकल्पांची जगभर तारांबळ उडाली. दिवाळ्याच्या होडीवाल्याला यात काही नवल वाटणार नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तो होडी वर ओढतो, फटी बुजवतो, रंग काढतो. होडी आजोबांकडून फुकट मिळाली म्हणून तिला पाणी लागायचे थांबत नाही, हे त्याला ठाऊक असते. मंत्रालयात मात्र अजून तसा शासन निर्णय निघालेला नाही.

लेखापरीक्षकाची हरकत ऐकून घेऊ. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिच्यावर खर्च कसला? बिनतोड सवाल आहे; याच न्यायाने पावसाच्या पाण्याला धरण कशाला, असेही विचारता येईल. दुसरी हरकत वजनदार आहे. कंत्राटदार असला की त्याची कॉलर धरता येते, फुकटवाल्याची कुणी धरायची? खरेच आहे. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका फुकट घटकात भगदाड सापडले आणि जगभरच्या बड्या कंपन्यांना घाम फुटला. तो घटक सांभाळत होते मूठभर स्वयंसेवक. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले, तशा आठवड्यात यंत्रणा अडली तर कुणाच्या तरी सेवाभावावर विसंबून भागत नाही. पण यातून निघते ते एवढेच, की सांभाळणाऱ्याला पगार हवा. कंत्राटदाराची कॉलर कंत्राट संपेपर्यंतच हाती असते. नंतर आपलेच आकडे त्याच्या कुलपात आणि आपण त्याच्या दारात. संहिता खुली असेल तर दुसरा कारागीर तरी बोलावता येतो. केंद्राच्या 2015 च्या धोरणाने खुल्या सॉफ्टवेअरला पसंती दिली आहे ती उगीच नव्हे. धोरण फायलीत सुखरूप आहे.

बरे, पैसाच हवा असेही नाही. एखादे राज्य ही खुली प्रणाली घेते, आपल्यापुरत्या दुरुस्त्या करते आणि त्या कपाटात ठेवते. शेजारचे राज्य त्याच दुरुस्त्यांसाठी नव्याने निविदा काढते. केलेला बदल मूळ प्रकल्पाला परत द्यावा, ही एक अट निविदेत घातली तरी तोच खर्च पुन्हा पुन्हा होणार नाही. आणि पैशाचेच म्हणाल तर 2024 मध्ये झिरोधाने खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. शेअर दलालाला जे परवडते ते वर्गणी काढून चार प्रोग्रामर नेमण्याइतके तरी राज्यांना परवडावे. खरी अडचण श्रेयाची आहे: दुरुस्तीत कोनशिला बसत नाही. त्यावरही तोड आहे. दर नव्या आवृत्तीला मंडप घालावा, संगणकाला हार घालावा, आणि एकूण किती चुका दुरुस्त झाल्या ते पालकमंत्र्यांनी फीत कापून जाहीर करावे. फलकावर फोटो कितीही लावा, फक्त मंडपाचे बिल देखभालीच्या लेखाशीर्षाखाली टाकू नका.