घरचे काडतूस

प्रॅक्टिकल शूटिंगचा हौशी नेमबाज अमेरिकेत बहुतेक सगळ्या राज्यांत आढळतो; ॲरिझोना, टेक्सास आणि फ्लोरिडा या भागांत त्याची वस्ती जरा दाट आहे. वय तिशी ते साठी, अंगात रंगीबेरंगी जर्सी, कमरेला दुहेरी पट्टा. जर्सीवर बंदुका, गोळ्या, पट्टे आणि चष्मे बनवणाऱ्या डझनभर कंपन्यांची नावे असतात. या कंपन्या त्याला पैसे देत असतील असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पैशांचा ओघ बरोबर उलटा असतो. अनोळखी माणूस भेटला की तो नाव-गाव विचारत नाही. "डिव्हिजन कुठली?" आणि "लोड काय?" हे दोन प्रश्न आधी. डिव्हिजन म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसार पाडलेला स्पर्धेचा गट. लोड म्हणजे काडतुसात कोणती पावडर, किती, आणि तिच्यापुढे किती वजनाची गोळी. उत्तर पटले तर ओळख होते. न पटले तर ती जास्त टिकते, कारण वाद घालायला माणूस मिळालेला असतो.

खेळ असा. राही सरनोबतने ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात नाव कमावले, त्यात नेमबाज एका जागी उभे राहून एका हाताने नेम धरतो. इथे दोन्ही हात चालतात आणि पायही चालवावे लागतात. टायमरची शिट्टी वाजली की पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर काढायचे, लाकडी चौकटींच्या आडून, खिडक्यांतून, कधी गुडघ्यावर बसून पुठ्ठ्याची आणि पोलादाची लक्ष्ये टिपायची, मधेच मॅगझिन बदलायचे आणि धावत पुढच्या जागी जायचे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. या भागाकाराला हिट फॅक्टर म्हणतात. अशा एका फेरीला स्टेज म्हणतात. मोठ्या स्टेजला ३२ गोळ्या असतात, प्रत्येकीचे जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे एकूण १६०. ते सगळे २० सेकंदांत मिळवले तर हिट फॅक्टर ८. सावकाश पण अचूक मारणारा आणि भराभर पण भलतीकडे मारणारा, दोघांनाही हा भागाकार सारखाच नागवतो.

शिस्तीच्या बाबतीत मात्र हा माणूस कडक आहे. आवारात सगळ्यांच्या कमरेला पिस्तूल असते आणि प्रत्येक पिस्तूल रिकामे असते. आपली पाळी येऊन पंचाने सांगितल्याशिवाय त्यात काडतूस जात नाही. नळीचे तोंड ठरलेल्या १८० अंशांच्या पलीकडे वळले की त्या सामन्यापुरते घरी, मग तो जगज्जेता का असेना.

या खेळाची मुळे १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे भरणाऱ्या पिस्तूल स्पर्धांत आहेत. जेफ कूपर हे मरीन दलातील माजी अधिकारी त्यांचे सूत्रधार. १९७६ साली मिझुरीतील कोलंबिया येथे आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेची शाखा यूएसपीएसए या नावाने उभी राहिली. उद्देश व्यावहारिक होता: रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलाने प्रसंग आला तर काय करता येते, ते मैदानावर तपासणे. पुढे खेळाडूंना जिंकायचीही इच्छा झाली आणि व्यवहार मागे पडला. आज ओपन डिव्हिजनमधले पिस्तूल वर लाल ठिपका दाखवणारी काच, पुढे धूर सोडणारे धुराडे आणि खाली वीतभर मॅगझिन घेऊन उभे असते. ते खिशात काय, छोट्या पिशवीतही मावत नाही. त्या मॅगझिनची लांबी १७१.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. फूट, इंच आणि पौंड यांवर निष्ठा असणारा हा अमेरिकन माणूस मिलिमीटरच्या चतुर्थांशासाठी हमरीतुमरीवर येतो, तो फक्त इथे.

पिस्तुलाची निवड ठरलेल्या क्रमाने होते. पहिल्या हंगामात त्याच्याकडे ग्लॉक ३४ किंवा तसेच काही असते आणि "हत्यार नाही, हात महत्त्वाचा" हे वाक्य असते. हंगामाच्या मध्यावर चाप जड वाटू लागतो. चाप बदलला की समोरची माशी नीट दिसत नाही असे लक्षात येते. मग पोलादी सीझेड शॅडो २ घरात येते. रिकामी असतानाच तिचे वजन सव्वा किलोच्या वर भरते आणि या खेळात ते भूषण मानले जाते, कारण जड पिस्तूल धक्का स्वतःच पचवते आणि दुसऱ्या गोळीसाठी लवकर जागेवर येते. त्यानंतर "२०११" प्रकारच्या पिस्तुलाचे वेध लागतात. ब्राउनिंगच्या १९११ सालच्या लष्करी पिस्तुलाचा हा रुंद, दुहेरी रांगेच्या मॅगझिनचा वंशज. किंमत कित्येक हजार डॉलर, आणि चांगल्या कारागिराकडे नंबर लावून थांबावे लागते. स्लाइडवर लाल ठिपका लावणाऱ्यांची कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजन आली तेव्हा कित्येकांच्या डोळ्यांना एकाच वर्षी म्हातारपण आले, असे क्लबांतले लोक सांगतात. प्रत्येक खरेदीनंतर निकालातले स्थान साधारण तेच राहते. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात हे ऐकले, तर हा गृहस्थ सहानुभूतीने विचारेल: "म्हणजे प्रत्येक डिव्हिजनला दोन ना?"

मात्र पिस्तूल ही नुसती वरात, नवरदेव काडतूस. त्याचे कारण पॉवर फॅक्टर नावाच्या नियमात आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यायचे, तिचा वेग सेकंदाला किती फूट तो घ्यायचा, गुणाकार करून हजाराने भागायचे. उत्तर १२५ च्या खाली आले तर गुणच नाहीत. १६५ किंवा त्यावर गेले, आणि डिव्हिजनला ते मान्य असेल, तर काडतूस "मेजर". मधल्या पट्टीत ते "मायनर". मेजरवाल्याला मधल्या चौकोनाबाहेरच्या सी विभागात चार गुण मिळतात, मायनरवाल्याला तीन. म्हणजे जरा जास्त धक्का सोसणाऱ्याच्या चुकीला जरा जास्त माफी. आता १२४ ग्रेनची गोळी १,०२० फुटांनी सोडली तर सुमारे १२६.५ येतात; १४७ ग्रेनची ८६० फुटांनी सोडली तरी १२६.४ येतात. आकडा तोच, पण जड गोळी हाताला मऊ लागते असे एक घराणे सांगते. दुसरे घराणे म्हणते, मऊ असेल, पण स्लाइड आळसावते. ओपनवाल्यांचे शास्त्र आणखी निराळे: त्यांच्या धुराड्याला वर फेकायला भरपूर वायू लागतो, म्हणून ते हलकी गोळी आणि भरपूर पावडर पसंत करतात. नळी खाली दबते, शेजाऱ्याच्या कानठळ्या बसतात.

दुकानातले तयार काडतूस यांपैकी कोणाच्याही मनासारखे नसते, आणि ते महागही असते. इथून रिलोडिंग सुरू होते: वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर, नवी पावडर आणि नवी गोळी बसवून घरीच काडतूस तयार करणे. कारण विचारले तर तो "बचत" सांगतो. हिशोब तोंडपाठ असतो: प्रायमरचे एवढे, पावडरचे एवढे, गोळीचे एवढे, पुंगळी फुकट. या हिशोबात प्रेस धरलेला नसतो. ॲरिझोनातील डिलन कंपनीचे निळे प्रेस या लोकांत देवघराच्या मानाचे, आणि वरची मॉडेल सगळ्या जोडण्यांसह हजार डॉलरच्या पलीकडे सहज जातात. पुंगळ्या घासायचा फिरता डबा, डिजिटल काटा, कॅलिपर, शंभर भोकांचे गेज, काडतूस बिघडले तर गोळी उपसून काढायचा हातोडा, हेही धरलेले नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय काडतूस स्वस्त पडते म्हणून तो दुप्पट झाडतो, त्यामुळे महिन्याचा खर्च आहे तिथेच राहतो, किंबहुना वाढतो. २०२० पासून दोनेक वर्षे अमेरिकेत प्रायमरचा दुष्काळ पडला, तेव्हा ज्याच्या कपाटात प्रायमरच्या पेट्या होत्या तो क्लबात अचानक सज्जन ठरला.

मोटार गॅरेजबाहेर असते आणि प्रेस आत. रात्री जेवणानंतर चष्मा लावून, टीव्ही बंद करून तो त्यापुढे बसतो. उजव्या हाताने दांडा खाली ओढायचा, वर सोडायचा. प्रत्येक खेपेला खालची गोल तबकडी एक घर पुढे सरकते. पहिल्या घरात पुंगळी दाबून मूळ मापात येते आणि जुना प्रायमर गळतो, मग नवा बसतो, मग पावडर पडते, मग गोळी, शेवटी तोंड हलकेच आवळले जाते. पाच कामे एकाच वेळी पाच पुंगळ्यांवर चाललेली असतात, म्हणून दांडा एकदा ओढला की एक काडतूस खडखडत पेटीत पडते. मग एखादे उचलून, पिस्तुलाची नळी सुटी करून, वरून तिच्यात सोडायचे. नुसते "प्लंक" असे वाजले आणि बोटाने फिरवल्यावर ते मोकळे फिरले की जमले. सीझेडच्या नळीत गोळीपुढची जागा तोकडी असते. दुसऱ्याच्या पिस्तुलात मजेत चाललेले काडतूस तिथे अडकते. मग गोळी इंचाच्या काही हजारांश भागाने आत दाबायची, की पुन्हा मोजमाप. पावडर ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात असे ७,००० ग्रेन, आणि दशांश ग्रेनचा फरक पडला की गृहस्थाची झोप उडते. याच माणसाला बँकेतली शिल्लक विचारली तर तो "असेल काहीतरी" म्हणतो.

झोप उडायला कारणही आहे. कमी जागा व्यापणारी पावडर असेल तर एकाच पुंगळीत दोनदा पडूनही वर दिसत नाही आणि ते काडतूस पिस्तूल फोडू शकते. अजिबात पडलीच नाही तर नुसता प्रायमर गोळीला ढकलून नळीत मधेच अडकवतो. आवाज फुसका येतो, धक्का येत नाही. त्यामागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुटते, म्हणून पंच जिवाच्या आकांताने "स्टॉप" ओरडतो. म्हणूनच टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा ठेवायचा हा दंडक तो सोडत नाही. विनोदाचा भाग इथे थांबतो. या बाबतीत तो जेवढा काटेकोर तेवढा बरा.

स्पर्धेच्या दिवशी स्टेज सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे पाहणीसाठी मिळतात. तेव्हा दहा-बारा प्रौढ माणसे तर्जनीचे पिस्तूल करून, ओठ हलवत, एकमेकांना धक्के देत रिकाम्या खिडक्यांतून बोटे रोखतात. मधेच एक जण डोळे मिटून उभा असतो. तो पाय कुठे पडतील ते घोकत असतो. शेवटची गोळी सुटून "रेंज क्लिअर" ऐकू आले की काही जण लक्ष्यांची भोके चिकटपट्टीने बुजवायला धावतात आणि हा वाकून पुंगळ्या वेचायला. दोन हजार डॉलरच्या पिस्तुलाचा मालक दोन-चार सेंटच्या पितळेसाठी काट्यांत हात घालतो. स्वतःच्या पुंगळ्यांना त्याने मार्करने निळी रेघ मारलेली असते आणि हिरव्या रेघेची चुकून उचलली तर तो ती परत करतो, निदान मालक बघत असेल तर.

या सगळ्याला मोफत असा एक पर्याय आहे. रिकाम्या पिस्तुलाने घरच्या भिंतीसमोर रोज पंधरा-वीस मिनिटे सराव करायचा. ज्यांनी ९५ टक्क्यांची ग्रँडमास्टर श्रेणी गाठली, त्यांतले बहुतेक हेच सांगतात. हा गृहस्थ मान डोलावतो. त्या सरावाला पावडर लागत नाही, हीच त्याची अडचण.

मोठ्या सामन्यात क्रोनोग्राफचा तंबू असतो. खेळाडूच्या पेटीतून पंचच काडतुसे उचलतात, एकातली गोळी उपसून तोलतात आणि त्याच्याच पिस्तुलातून काही झाडून वेग मोजतात. घरी उन्हाळ्याच्या दुपारी १२७ आलेला आकडा थंड सकाळी, पावडर गारठ्याला हळवी असेल तर, १२४.६ वर येऊ शकतो. मग सामना पुढे खेळता येतो, गुण मात्र मिळत नाहीत. त्याला तंबूचा क्रोनोग्राफ चुकीचा वाटतो, उन्हाचा कोन चुकीचा वाटतो, समुद्रसपाटीपासूनची उंचीही संशयित ठरते. उपाय एकच असतो: पावडर दशांश ग्रेनने वाढवणे. तो संध्याकाळी घरी येऊन रडारवर चालणारा नवा क्रोनोग्राफ मागवतो.