तुमचे भावजी सध्या खर्जात आहेत

एर्लांगेन, जर्मनी

ती. सौ. वहिनींस,


इंदूरचं पार्सल पोचलं. जीरावन, लौंग सेव, आवळा सुपारी, सगळं धडधाकट. सेवेच्या पुड्यांना दादांनी 'नईदुनिया'चा कागद गुंडाळला होता. तुमच्या भावजींनी आधी तो तळहाताने सपाट करून अगदी शोकसंदेशांसकट वाचून काढला, मग सेवेकडे वळले. पुढच्या वेळी एवढं बघा : घरगुती भेट ४५ युरोंच्या आतली असली तरच इथे कर न भरता सुटते. आणि माव्याचं काही घालू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ मागवायला बंदी आहे. गुजियांची आशा इथे सोडून दिली आहे, तुम्हीही सोडा.

आता तुमच्या फोनबद्दल. 'भावजी दर मंगळवारी संध्याकाळी पाठीला ती लांबडी काळी पिशवी अडकवून जातात तरी कुठे?' हे तुम्ही इतकं दबक्या आवाजात विचारलंत, पण फोन स्पीकरवर होता आणि भावजी शेजारीच पोहे निवडत होते. काळजी करू नका. बँडमध्ये जातात. बेस वाजवायला. वय वर्षं एकाहत्तर, वीज मंडळातून निवृत्त, गुडघ्याला पट्टा.

चर्चच्या तळघरातला हॉल आहे. ड्रमवर निवृत्त दंतवैद्य, गिटारवर भूगोलाचे माजी मास्तर, कीबोर्डवर रविवारी चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, आणि गायला एक बसचालक, तेही निवृत्तच. गाणी साठ-सत्तरच्या दशकांतली. बेसवाला त्यांना दोन वर्षं मिळत नव्हता, कारण ज्याला त्याला गिटार वाजवून पुढे उभं राहायचं असतं. तुमच्या भावजींना मागेच उभं राहायचं होतं. जमलं.

आणि वहिनी, नवल पुढेच आहे. ज्या माणसाने घरात कधी कुणाचं ऐकलं नाही, तो तिथे सगळ्यांचं ऐकतो! बेसवाल्याचं कामच तसं. एक कान ड्रमवाल्याच्या उजव्या पायावर, म्हणजे तो मोठा ढोल पायाने वाजतो त्यावर. दुसरा कान गिटारवर, पुढचा कॉर्ड कुठला येतो त्यासाठी. गाणारा मध्येच एखादी ओळ खाऊन पुढे गेला, तर त्याला न टोकता त्याच्याबरोबर जायचं. न टोकता! मास्तर चुकले तरी भावजी नुसते हसतात. घरी आमटीत मीठ कमी पडलं की जे होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

कुकर लावून आले. तर आता इथले आवाजाचे नियम.

इथे रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. बहुतेक इमारतींत दुपारी एक ते तीन पुन्हा बंद. रविवारी दिवसभर शांतता, म्हणजे भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि रिकाम्या बाटल्या काचेसाठी ठेवलेल्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळ आवाज होतो म्हणून. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी लावली, अतिशय नम्र भाषेत, की आपल्याकडे फ्रीज बिघडलेला दिसतो, सारखा घुमतो. तो फ्रीज नव्हता. भावजी होते.

यात भावजींचा दोष नाही, पदार्थविज्ञानाचा आहे, असं चिरंजीव म्हणतात. बेसची सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, आणि तिची एकेक लाट आठ मीटरहून लांब असते. आपल्या ओसरीपासून परसापर्यंत. अशा लाटेला भिंत काय अडवणार? सनईचा आवाज भिंत खाते, हा आवाज भिंतीलाच वाजवतो.

मग भावजींनी कायदा शोधला. ऑग्सबुर्गच्या नाट्यगृहातला एक ट्रम्पेटवादक घरी सराव करायचा, शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टाने सांगितलं, माळ्यावर बसून आठवड्याला दहा तास वाजव. प्रकरण पार कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं आणि २६ ऑक्टोबर २०१८ ला निकाल लागला : घरी वाजवणं हा माणसाच्या जगण्याचा भाग आहे, सरसकट बंदी घालता येणार नाही. साधारण दोन ते तीन तास कामाच्या दिवशी, एक ते दोन तास रविवारी, विश्रांतीच्या वेळा सोडून. आणि धंदेवाईक वादकाला जेवढा हक्क, तेवढाच हौशीला. हे शेवटचं वाक्य तुमच्या भावजींनी मोठ्या अक्षरांत छापून फ्रीजवर लावलं आहे. त्याच फ्रीजवर, हो.

दादांना सांगा, लाउडस्पीकरपुरता दहा ते सहाचा नियम आपल्याकडेही आहेच, २००० सालापासून. फरक एवढाच की चंद्रभागेच्या पुलावरून रात्री बाराला निघालेल्या वरातीला तो कुणी सांगितलेला नाही.

शेवटी तडजोड झाली. भावजी हेडफोन लावून वाजवतात. त्यांना अख्खा ऑर्केस्ट्रा ऐकू येतो आणि घरच्यांना नुसती टक्-टक्, टक्-टक्, बोटं तारेवर पडल्याची. संध्याकाळी घर म्हणजे घड्याळाचं दुकान झालेलं असतं. आजी खूश आहेत. फ्रीज दुरुस्त केल्याबद्दल त्यांनी केक आणून दिला.

आता माळ्याचं. रंगकामासाठी माळा रिकामा करताय आणि भावजींची ती जुनी बेसची पेटी भंगारवाल्याला द्यायची का, असं दादांनी विचारलं होतं. अजिबात नाही! इथून जवळच, सायकलने जाण्याइतकं, बुबेनरॉइथ नावाचं गाव आहे. युद्धानंतर शोनबाखहून, म्हणजे आताच्या चेक देशातून, घालवून दिलेली व्हायोलिन करणारी माणसं १९४९ पासून तिथे वसली. हॉफनर कंपनीही त्यांच्यातलीच, १८८७ ची. तिने १९५६ मध्ये व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये तो साधारण तीस पौंडांना घेतला. गडी डावखुरा, आणि हा बेस दोन्हीकडून सारखा, उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. १९७२ साली लंडनमध्ये तो गाडीतून चोरीला गेला. कुठे सापडला म्हणता? माळ्यावर! फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा मॅकार्टनी एक्याऐंशी वर्षांचा होता. तेव्हा दादांना म्हणावं, रंगाऱ्याला हवं ते द्या, पेटीला हात लावू नका.

तसाच बेस बघायला भावजींना दुकानात नेलं. जर्मनीत हाताने केलेला दोन हजार युरोंच्या वर. म्हणजे दोन लाख रुपये, वहिनी! तेवढ्यात मामंजींनी दोन मुलींची लग्नं उरकली होती, वर जावयांना अंगठ्या. आत पोकळ, वजनाला हलका, आणि तारा चार. भावजींनी तो हातात घेतला, एक स्वर वाजवला, आणि मूल परत करावं तसा जपून खुंटीला लावला. शेजारीच तसाच दिसणारा, परदेशात बनवलेला, चारशेच्या आत. चिरंजीवांनी तो घेऊन दिला. याची तार तीस इंच लांबीची, नेहमीच्या फेंडर बेसची चौतीस. चार इंचांनी काय होतं, असं वाटेल. पण डाव्या हाताची करंगळी आखडू लागली की पहिल्या दोन घरांपर्यंत ताणताना हे चार इंच कळतात.

मामंजींचं ते वाक्य आठवतं ना? 'एवढंच घुंऽऽ घुंऽऽ करायचं तर तानपुरा धर, त्यालाही चारच तारा.' अमीर खाँसाहेबांचे भक्त ते, त्यांना गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा मुलगा कसा पटावा! आता गंमत बघा. भावजी पहाटे उठून खाँसाहेबांचा मारवा लावतात. मारवा संध्याकाळचा आहे म्हटलं, तर म्हणाले, इंदुरात कुठे तरी संध्याकाळ असेलच. तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, पण वाद कोण घालणार. खाँसाहेब झुमऱ्यात, मंद्रातून, एकेका स्वरावर घर बांधल्यासारखे मुक्काम करतात, आणि भावजी त्याखाली फक्त षड्ज धरून बसतात. घुंऽऽ घुंऽऽ. मामंजींचं ऐकलं, पण पन्नास वर्षांनी आणि बेसवर.

ऑर्गनवाल्या बाईंनी त्यांना पाखेलबेलचा 'कॅनन' शिकवला. हा पाखेलबेल इथलाच, शेजारच्या न्यूर्नबर्गचा, १६५३ चा जन्म. त्या रचनेत बेसला आठ स्वर आहेत. तेच आठ, त्याच क्रमाने, अठ्ठावीस वेळा. वरती व्हायोलिनं नाचतात, बागडतात, आणि खाली हा आपला एक, दोन, तीन... आठ, पुन्हा एक. संसार म्हणतात तो हाच. कंटाळा येत नाही का, विचारलं, तर म्हणाले, दर वेळी वरचं बदलतं ना, म्हणून खालचंही नवं वाटतं.

बदल्यात भावजींनी त्यांना पंचम दिला. मुंबईच्या वादकांची यादी ते जपासारखी म्हणतात : पंचमकडे बेसवर टोनी वाझ, शंकर-जयकिशनच्या १९६८ च्या 'रागा जॅझ स्टाइल'मध्ये एडी ट्रॅव्हस. पडद्यावर हिरो गिटार मिरवायचा, ही मंडळी स्टुडिओत. निवडलं 'यादों की बारात'मधलं 'चुरा लिया है तुमने', १९७३ चं. त्याची सुरुवात काचेवर चमचा वाजवून होते. दंतवैद्यांनी बिअरचा मग घेतला. जाड काच, ठक्क. वाइनचा ग्लास, फार नाजूक, टिण्ण. शेवटी आपल्या लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी धुऊन नेली, त्यात बोटभर पाणी घातलं, आणि हवा तो आवाज निघाला. बसचालकांना हिंदी येत नाही, ते नुसतं 'ला ला' करतात, पण डोळे मिटून. हॉलमध्ये लोणच्याचा वास येत होता, एवढंच.

कपडे मशीनमधून काढून आले. इथे उन्हात वाळत घालायला गॅलरी आहे, ऊन नाही.

इथे वैशाख-ज्येष्ठात 'बर्ग' म्हणून जत्रा भरते, १७५५ पासून. टेकडीवर झाडांखाली बाकडी, बारा दिवस बँड, आणि एक लिटर बिअर बारा युरोंच्या वर. बाराशे रुपयांच्या वर एक ग्लास, वहिनी, त्यात वर चार बोटं फेस! भावजी लिंबूसोडा घेऊन बँडच्या उजव्या बाजूला, बेसवाल्यासमोर बसले आणि त्याच्या बोटांवरून नजर हलली नाही. मग एकाएकी म्हणाले, 'जुनी इंदुरात शनिमंदिरात आता शनिजयंतीचं गाणं असेल.' बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे चहूकडे माणसं गात होती.

दहा वाजता इथे खिडक्या लागतात. त्या वेळी तिकडे दीड. म्हणजे सराफ्यात अजून कढई उतरलेली नाही, भुट्ट्याचा कीस संपत आलाय, आणि दादा एका प्लेटीत दोन चमचे मागताहेत. हे गणित आमच्याकडे रोज होतं. कोणी मोठ्याने करत नाही.

बाकी तुमच्या बातम्यांबद्दल :

धाकट्या वन्सं विजयनगरला फ्लॅट घेताहेत तर घेऊ द्या. सातव्या मजल्यावरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येत नाही हे मात्र आधी सांगा. भावजींना ते बेसवर पाठ आहे. इथली कचऱ्याची गाडी मुकाट्याने येते नि जाते, त्यांना ते माणूसघाणेपणाचं वाटतं.

मेट्रोत बसून आलात, छान केलंत. जुनी इंदुरातून ती गाठायला आधी रिक्षाने अर्धं शहर ओलांडावं लागलं, हे तुम्ही चारदा सांगितलंत. पोचलं.

पुढच्या खोलीला पोपटी रंग नको. दादा ऐकणार नाहीत, तरी लिहिते.

आणि छकुलीने कथ्थक सोडून गिटारचा हट्ट धरलाय म्हणून दादा जेवले नाहीत, हे ऐकून भावजी आधी हसले, मग गंभीर झाले. मुलींनी हे वाजवायचं का, असा दादांचा प्रश्न असेल तर कॅरल के हे नाव सांगा. अमेरिकेतली बाई, १९३५ ची, हजारो गाण्यांत बेस वाजवलाय, 'मिशन इम्पॉसिबल'चा प्रसिद्ध ठेकाही तिनेच वाजवलेला. ती लांबची वाटली तर मुंबईची मोहिनी डे दाखवा, रहमानबरोबर वाजवलंय तिने. भावजींचं म्हणणं, छकुलीला माळ्यावरची पेटी उघडून द्या. तारा गंजल्या असतील, तरी लगेच बदलू नका. मोटाउनचा बेसवाला जेमरसन तार तुटेपर्यंत बदलायचा नाही आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, त्यातून काय काय निघालं ते भावजी फोनवर ऐकवतील. रविवारी तुमच्या दुपारी चार वाजता, म्हणजे इथल्या साडेबाराला, अर्धा तास शिकवणी. एकला इथे शांततेची वेळ सुरू होते, तेव्हा बोलणं आटोपतं घ्या. पहिले दोन महिने तिने फक्त दादांच्या आरतीखाली षड्ज धरायचा, आणि दादांनी आरती लयीत म्हणायची.

दादांना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद. कळावे.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. : भावजी विचारतात, पेटीच्या आतल्या कप्प्यात वीज मंडळाचा एक पिवळा टेस्टर असेल, तो मात्र परत पाठवा. ४५ युरोंच्या आतच बसतो.